पडद्यातलं ऊन

तात्यांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून गावातल्या माणसांच्या दोन-दोन सावल्या पडायला लागल्या. एक नेहमीची, उन्हाकडे पाठ करून पडणारी. दुसरी तिच्या बरोब्बर उलट, उन्हाच्या दिशेनं. सगळ्यांत आधी हे एका म्हशीच्या लक्षात आलं. पाण्यावर निघालेली ती म्हैस मालकाच्या दुसऱ्या सावलीपाशी थबकली आणि काही केल्या ती ओलांडेना. मालकानं शेपटी पिरगाळली, चार शिव्या घातल्या, मग खाली बघितलं आणि तोही तिथंच उभा राहिला.

संक्रांतीचा दिवस होता. तिळगूळ द्यायला निघालेल्या बायकांनी एकमेकींच्या सावल्या मोजल्या. दुपारपर्यंत सगळा उलगडा झाला, निदान गावाच्या समाधानापुरता तरी. भंडारे फोटो स्टुडिओत बागेच्या पडद्यासमोर ज्यांनी ज्यांनी कधी फोटो काढून घेतला होता, त्यांना दोन सावल्या होत्या. निळ्या पडद्यासमोर नुसता पासपोर्ट साइझ काढलेल्यांना एकच. पासपोर्टवाले जरा हिरमुसले.

दुसरी सावली आजच्या माणसाची नव्हती. फोटो काढला त्या दिवशीच्या माणसाची होती. हेडमास्तर आता चांगले थोराड झालेले, पण त्यांची दुसरी सावली काडीसारखी होती आणि तिच्या अंगात स्टुडिओतला तो एकुलता एक कोट होता, जो अर्ध्या गावानं घातला आणि कुणालाच बसला नाही. किराणावाले शेठ दुकानात तराजू धरून बसत, तेव्हा त्यांची दुसरी सावली शेजारी टेलिफोन कानाला लावून उभी असे. तो टेलिफोन लाकडाचा होता आणि तात्यांनी स्वतः रंगवलेला होता. गिऱ्हाईक हळू आवाजात बोलायला लागलं, उगाच शेठच्या सावलीचा खोळंबा नको म्हणून.

तात्या म्हणजे तुळशीदास भंडारे. शहाऐंशी वर्षं जगले आणि त्यातली साठेक वर्षं त्यांनी काळ्या कापडाखाली डोकं घालून काढली. फोटो काढताना "हसा" म्हणणं त्यांना पसंत नव्हतं. हसायला काय झालंय, म्हणायचे. समोरच्या माणसाला ते सांगत, "सकाळी काय जेवलात ते आठवा." माणूस आठवायला लागला की खटका दाबत. म्हणून त्या गावातल्या सगळ्या जुन्या फोटोंत माणसं पोट भरल्यासारखी दिसतात, ज्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती तीसुद्धा. मग संध्याकाळी काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून ते गालांना गुलाबी रंग चढवत बसायचे. स्वतःच्या जेवणाची मात्र त्यांना शुद्ध नसे. ताटावर बसलेला माणूस समोरच्या भिंतीवर ऊन आलेलं बघायचा, "ऊन वाया चाललंय" म्हणायचा आणि हात धुऊन कॅमेरा उचलायचा. भिंतींचे, कडुलिंबाचे, रिकाम्या घाटाचे असे किती फोटो निघाले त्याला गणती नाही. ते फोटो कुणी मागितले नव्हते आणि कुणी नेलेही नाहीत.

जयमाला त्यांची एकुलती एक मुलगी. अठ्ठावन्न वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, हाताला कायम रंगाचा वास असलेली. तिला एकच सावली होती. बागेच्या पडद्यासमोर ती कधी बसलीच नव्हती. तिचे फोटो तात्यांनी घाटावर, गच्चीवर, पेरूच्या झाडावर काढले. "घरच्या माणसाला पडदा कशाला?" म्हणायचे.

पडदा दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच होता. जाड कापडावर सरसात कालवलेल्या पावडरच्या रंगांनी तात्यांनी त्यावर एक बाग काढली होती. मागे तळं, तळ्यात दोन हंस, मध्ये राजवाड्याच्या पायऱ्या, दोन्ही अंगांना सुरूची उंच झाडं आणि पुढे तीन कुंड्या. असली बाग पंचक्रोशीत कुठे नव्हती. तिच्यात एकच खोट होती. स्टुडिओतला मोठा दिवा उजवीकडे होता, कारण विजेचा खटका उजव्या भिंतीवर होता, त्यामुळे माणसांच्या सावल्या डावीकडे पडत. पडद्यातल्या झाडांच्या, कुंड्यांच्या, पायऱ्यांच्या सावल्या मात्र उजवीकडे पडल्या होत्या. एकाच फोटोत दोन सूर्य. एकदा कोल्हापूरचा एक बडा फोटोग्राफर येऊन हे बघून पोट धरून हसला. तात्यांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "माझी चूक. राहू द्या."

तिसऱ्या दिवशी नानासाहेब आले. नानासाहेब नगराध्यक्ष होते, सत्तेचाळीस वर्षांचे, कडक इस्त्रीचे, मिशीला पीळ असलेले. स्टुडिओच्या पायरीवर उभं राहून त्यांनी आधी रस्त्यावर कुणी बघत नाही ना ते पाहिलं. त्यांच्या एका बाजूला त्यांची भरदार सावली होती. दुसऱ्या बाजूला एक नागडं बाळ पालथं पडलं होतं आणि मान वर करून बघत होतं. नानासाहेब आत आले तसं तेही रांगत आत आलं.

"जयाताई, ही काय भानगड आहे?"

"सावली आहे."

"ती दिसतीय मला. कुणाची?"

"तुमचीच. नऊ महिन्यांचे होतात तेव्हाची."

"मग अंगात काही का नाही?"

"तेव्हा तसंच काढायचे सगळ्यांचे."

नानासाहेबांनी खुर्चीवर बसून बाळावर रुमाल टाकून पाहिला. बाळ रुमालाच्या वर आलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन होतं, त्यांच्या हस्ते, शाळेच्या मैदानावर, सकाळी आठ वाजता. आठच्या उन्हात सावली माणसाच्या तिप्पट होते. दीड हजार पोरं रांगेत उभी राहणार होती आणि त्यांच्यासमोर वीस फुटांचं नागडं बाळ झेंड्याला सलामी देणार होतं.

"मी चौकशी केलीय," ते पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "मूळ गडबड तिथं आहे. दिवा इकडं, सावल्या पण इकडंच. बागेतल्या सावल्या योग्य बाजूला करा, म्हणजे आमच्या होतील. पंचवीसपर्यंत."

"एवढा मोठा पडदा आहे."

"चूक तुमच्या वडिलांची आहे, ताई. गावानं का सोसायची?"

"हो," जयमाला म्हणाली.

हो म्हणाली आणि त्या दिवशी तिनं ताट तसंच बाजूला सारलं. कारण ती चूक तात्यांची नव्हतीच. जयमालाची होती. ती सात वर्षांची असताना तात्यांनी हा पडदा रंगवायला घेतला. सगळं झालं, सावल्या तेवढ्या राहिल्या, आणि तात्या मुदतीच्या तापानं आडवे झाले. लग्नसराई तोंडावर होती. पोरीनं कुणाला न विचारता नीळ आणि काजळी सरसात कालवली आणि तीन दुपारी बसून बागेतल्या एकूणएक वस्तूला सावली दिली. सगळ्या उजवीकडे. ताप उतरल्यावर तात्या भिंत धरत धरत पडद्यापाशी आले. आई म्हणाली, "सगळ्याचं वाटोळं केलं हिनं. पुसून टाका." तात्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पोरीनं सूर्य हलवलाय. आता आपण काय हलवायचं?" त्यानंतर एक्कावन्न वर्षं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला त्यांनी तेच सांगितलं, माझी चूक.

आणि आता ते गेल्यावरही ती त्यांच्याच नावावर राहिली होती, आणि जयमालानं नुसतं हो म्हटलं होतं. तिला स्वतःची शरम वाटली.

दोन दिवसांत नानासाहेबांच्या मागे निम्मं गाव आलं. कुणी पडदा कधी होणार विचारायला, कुणी नुसतं बघायला. माणसं पायरीवर बसायची आणि त्यांच्या सावल्या आत शिरायच्या. एकेकाच्या दोन-दोन. फरशीवर कोट घातलेले नवरदेव, वेण्या घातलेल्या मुली, लाकडी घोड्यावरची पोरं एकमेकांवर पसरली. दुपारी बाराला स्टुडिओत दिवा लावावा लागे. दुसऱ्या दिवशी सावल्या भिंतींवर चढल्या. जयमालाला मागच्या खोलीतून पुढे यायचं तर कुणाच्या तरी मुंडावळ्यांवर पाय द्यावा लागायचा. ती बाजूनं, भिंतीला घासत चालायला लागली. पडद्यासमोर हात-दोन हातांची जागा तेवढी मोकळी उरली, तीही रोज टीचभर कमी होत होती.

वीस तारखेला तिनं सरस तापवायला ठेवला.

खरं सांगायचं तर तिच्या हाताला चाळीस वर्षं खाज होती. चित्रकलेच्या परीक्षा दिलेली बाई ती, रोज उठून ती उलटी बाग बघायची. स्पंज ओला करून तिनं डावीकडच्या कुंडीची सावली पुसली, पलीकडच्या अंगाला नवी काढली, कडा मऊ केल्या, आणि दोन पावलं मागे झाली. कुंडी जमिनीवर बसली. इतकी वर्षं ती जरा तरंगत होती, हे आत्ता कळलं. जयमालाला छान वाटलं आणि छान वाटल्याचं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेबांचा फोन आला. बाळाचा एक पाय गेला होता. "उत्तम प्रगती आहे," ते म्हणाले. "उरलेलं पण उरकून टाका." किराणावाल्या शेठच्या सावलीच्या हातातला टेलिफोन गेला होता आणि गिऱ्हाईक पुन्हा मोठ्यानं बोलत होतं.

दुपारी चंद्राक्का आल्या. चंद्राक्का म्हणजे नानासाहेबांच्या आई, सत्तरीच्या, नऊवारीतल्या, चालताना उजवा खांदा किंचित वर धरणाऱ्या. पायरीवरच्या लोकांना त्यांनी "सरका रं" म्हणून बाजूला केलं, आत आल्या, खिडकीच्या उन्हात उभ्या राहिल्या आणि फरशीकडे बोट दाखवलं.

"जया, ह्यांचा हात कुठं गेला गं?"

त्यांच्या दुसऱ्या सावलीत दोन माणसं होती. एक शेलाटी नवी नवरी आणि तिच्याशेजारी टोपीवाला एक पुरुष. पुरुषाची बाही नवरीच्या खांद्यापर्यंत आली होती आणि तिथे संपली होती. बाहीच्या पुढे हात नव्हता. नुसती फरशी होती.

"तुमचा फोटो कुठे उभं राहून काढला होता, आक्का?" जयमालानं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

"त्या कुंडीपाशी. डावीकडल्या."

मग चंद्राक्का स्टुलावर बसल्या आणि सांगायला लागल्या. लग्नाला महिना झाला होता. सासू बरोबर आली नव्हती, तेवढ्यावरच दोघं खूश होती. तात्यांनी कापडाखालून डोकं काढलं आणि म्हणाले, हात ठेवा की खांद्यावर. नवरा लाजला. म्हणाला, लोक काय म्हणतील. "तर तात्या म्हणालं, फोटोत नाही ठेवायचा तर ठेवायचा कधी? मग ठेवला. थंड पडला हुता हात. फोटो घरी आला आन् सासूबाई दोन दिस बोलल्या न्हाईत. तिसऱ्या दिशी कात्री घेतली आन् मधनं कापला. हे एकीकडं, मी एकीकडं. हात गेला चुलीत."

"आणि निगेटिव्ह वाळवीनं खाल्ली," जयमाला म्हणाली.

"नाना चार वर्साचा असताना हे गेलं. भिंतीवर लावायला नुसतं डोकं मोठं करून घेतलं. नानानं बाप बघितला त्यो गळ्यापर्यंत." चंद्राक्का फरशीकडे बघत होत्या. "ह्या आठ दिवसांत हात आला हुता, जया. खांद्यावर. मी दिसातनं तीनदा बाजारला जायची. भाजी एकदाच घ्यायची."

जयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. "परत काढते, आक्का. आत्ता काढते."

तिनं नवी सावली पुसली आणि जुनी होती तिथे, जुनी होती तशी काढली. उजवीकडे. नीळ आणि काजळी, तेच रंग, तोच सरस. चंद्राक्का उन्हात उभ्या राहिल्या. बाही तिथेच संपत होती. जयमालानं पुसलं, पुन्हा काढलं. दुसऱ्या दिवशी चार वेळा काढलं. तात्यांनी काढलेला पडद्याचा फोटो भिंग लावून बघितला, मापं घेतली, रेघ न् रेघ मिळवली. सावली वरवर हुबेहूब येत होती आणि हात येत नव्हता. तिच्या लक्षात आलं की ती उत्तम प्रकारे चूक काढत होती, आणि ती नको तितकी सफाईदार येत होती. ऊन कुठून येतं हे तिला आता ठाऊक होतं. ठाऊक असलेला हात आपोआप कड मऊ करायचा, आपोआप बुडाशी गडद करायचा. सात वर्षांच्या पोरीनं असलं काही केलं नव्हतं. तिनं ती सावली खरी मानून काढली होती.

चोवीस तारखेला सावल्या पडद्याच्या काठापर्यंत आल्या. एका नवरदेवाच्या फेट्याचा तुरा तळ्यात बुडाला.

पंचवीसला दुपारी नानासाहेब आले. बाळ तीन पायांवर रांगत त्यांच्या पुढे होतं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, कुंडीपाशी झालेला ओला चिखल बघितला, आणि तोंड उघडलं. मग त्यांना स्टुलावर बसलेली आई दिसली.

"आई, तू इथं काय करतीयस?"

"बसलीय."

बाळानं मात्र विचारलं नाही. ते फरशीवरून सरळ रांगत गेलं, नवरीच्या सावलीपाशी थांबलं आणि तिच्या पायांना धरून उभं राहायला बघू लागलं. एक पाय नसल्यानं दोनदा पडलं. नानासाहेब त्याच्यामागून बघत गेले आणि पहिल्यांदाच त्यांची नजर शेजारच्या टोपीवाल्या सावलीवर गेली. अकरा दिवस ते फक्त स्वतःच्या सावलीकडे बघत होते.

"हे कोण?"

"तुझं आप्पा," चंद्राक्का म्हणाल्या.

नानासाहेब उकिडवे बसले. इस्त्री मोडली तरी बसले. सावलीच्या डोक्यापासून पायापर्यंत त्यांनी बोट फिरवलं, फरशीला न लावता.

"आप्पा एवढेच होते उंचीला?"

"विटंवर उभं हायती, ती धरून."

नानासाहेब हसले आणि मध्येच थांबले. त्यांचं बोट बाहीवरून खांद्याकडे निघालं होतं.

"हात कुठं आहे आप्पांचा?"

"तुझ्या झेंड्यानं खाल्ला."

  बाळ तिसऱ्यांदा पडलं.

"घाला परत, जयाताई," नानासाहेब म्हणाले. आवाज नगराध्यक्षांचा नव्हता. "झेंड्याचं मी बघतो. बघू देत पोरांना काय बघायचं ते."

"येत नाहीये, नानासाहेब. चार दिवस काढतेय."

"तात्यांना यायची आणि तुम्हाला येत नाही?"

"तात्यांनी काढलीच नव्हती," जयमाला म्हणाली. बोलायला सुरुवात केल्यावर तिला थांबता येईना. "मी काढली होती. सात वर्षांची होते. चूक माझी आहे, त्यांची नाही. त्यांनी आयुष्यभर स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली. त्या दिवशी तुम्ही म्हणालात तेव्हाही घेऊ दिली." तिनं पदरानं डोळे पुसले आणि गालाला नीळ लागली. "आणि आता मला ती करता पण येत नाही."

चंद्राक्का स्टुलावरून पुढे झुकल्या. मग त्यांनी विचारलं, "तवा तू कुठं बसली हुतीस?"

"इथेच. खाली."

"मग आता हुबी ऱ्हाऊन का काढतीस? आन् तात्या कुठं हुतं?"

"आजारी होते. आत..." जयमाला म्हणाली आणि थांबली. आत नव्हते. मागच्या खोलीत हवा नव्हती म्हणून त्यांची बाज पुढे आणून टाकली होती. पडद्याच्या उजव्या अंगाला, खिडकीखाली. दुपार कलली की खिडकीतलं ऊन थेट त्यांच्या तोंडावर यायचं. खिडकी उंच, पोरीचा हात पोचत नव्हता. आई कामाला गेलेली. तात्या कोपर डोळ्यांवर घेऊन पडायचे आणि कोपरही तापलेलं असायचं.

"उजवीकडे होते," जयमाला म्हणाली. "त्यांना ऊन लागत होतं."

ती खाली बसली.  तिनं सूर्यबिर्य काही हलवला नव्हता. तिच्याजवळ दोन झाडं होती, तीन कुंड्या होत्या आणि वडील उन्हात पडले होते. जेवढी सावली तिच्याकडे होती तेवढी तिनं त्यांच्या अंगावर टाकली होती. तात्यांना ते कळलं होतं. भिंत धरून उभे होते तेव्हाच कळलं होतं. तिलाच कळायला एक्कावन्न वर्षं लागली. ती मोठ्यानं रडली, आणि चंद्राक्कांनी तिला रडू दिलं.

"बाज आहे का अजून?" नानासाहेबांनी विचारलं.

"मागे. माळ्यावर."

नगराध्यक्षांनी स्वतः माळ्यावर चढून बाज काढली आणि डोक्यावर घेऊन पुढच्या खोलीत आणली. कोळिष्टकं मिशीला लागली. फरशीवरचे नवरदेव आणि नवऱ्या सरकल्या, कशा ते कुणी विचारलं नाही, पण पडद्याच्या उजव्या अंगाला बाजेपुरती जागा झाली. बाज टाकली. जुनं सुंभ, पण शाबूत होतं. चार वाजले होते. खिडकीतलं ऊन खाली आलं आणि बाजेवर पडलं, उशापासून पायथ्यापर्यंत.

जयमाला पडद्यासमोर मांडी घालून बसली. कुंडी आता तिच्या डोळ्यांच्या रेषेत आली. तिनं जाड ब्रश घेतला, तो रंगात बुडवला आणि पडद्याकडे न बघता बाजेकडे बघितलं. मग ती सावली ओढायला लागली. कड मऊ झाली का, बुडाशी गडद झाली का, हे तिला दिसत नव्हतं. ऊन कुठून येतंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ते कुठे लागतंय तेवढं कळत होतं.

आधी अंगठा आला. मग चार बोटं, एकेक करून, नवरीच्या खांद्यावर. चंद्राक्कांनी श्वास आत ओढला आणि उजवा खांदा हळूच वर धरला. नानासाहेब फरशीवर मांडी घालून बसले. बाळ दोन्ही पायांवर उभं राहिलं, हात वर केला, त्या हातापर्यंत पोचलं नाही, पुन्हा केला.

"आला," चंद्राक्का म्हणाल्या. "जया, आला गं. बास आता."

जयमाला थांबली नाही. कुंडी झाली तशी ती झाडाकडे वळली. जुन्या सावलीवरूनच ब्रश फिरवत तिनं ती पुढे नेली, पायरीवरून, गवतावरून, पडद्याच्या काठापर्यंत. काठाशी सावली थांबली नाही. ती कापडावरून खाली उतरली, फरशीवर आली, एक फरशी, दुसरी फरशी, लोकांच्या सावल्यांच्या मधून वाट काढत बाजेच्या पायापाशी पोचली आणि वर चढली. उशाकडचं ऊन गेलं. मग मधलं. सुंभ करकरलं. बाज मधोमध हळूहळू खाली दबली, एका माणसाच्या वजनानं, आणि तशीच राहिली.

पायथ्याशी अजून वीतभर ऊन होतं. जयमालानं ब्रश पुन्हा रंगात बुडवला.